पांढरं पान, निळं पान

९ जानेवारी

ताई,

नमस्कार. नेहमीप्रमाणे पाकिटात दोन पानं आहेत. पांढरं आईंसाठी, ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. हे निळं फक्त तुमच्यासाठी. तुम्ही माझ्यावर फोन आपटल्यापासून आपली ही पद्धत बरी चालली आहे. कागद आपटला तरी आवाज होत नाही.

मुद्द्याचं लिहिते. मार्चमध्ये चिंगीच्या शाळेला सुट्टी आहे. तेव्हा आपण सगळ्यांनी मिळून एका बेटावर जायचं मी ठरवलंय. बेट लहान आहे, फारसं कुणाला ठाऊक नाही. धक्क्यावरून होडीने जायचं. पलीकडे कोळ्यांची थोडी घरं, बाकी नुसता किनारा. वाळूला लागूनच एक घर भाड्याने मिळतंय. त्याला पायऱ्या नाहीत, आईंच्या गुडघ्यांचा विचार मी आधीच केलाय. एका खोलीत आई आणि तुम्ही, दुसरीत आम्ही तिघं. सामान थोडंच घ्यायचं, होडीत चढउतार करावी लागते.

मी या घरात आल्यापासून आपण सगळे मिळून लग्न आणि मयत सोडून कुठेही गेलेलो नाही. ही पहिली सहल. आईंनी समुद्र पाहिलेला नाही, तुम्हीही नाही. यांची तर फार इच्छा आहे. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून दुरुस्त्या करायच्या म्हणजे माणूस कावतो.

तुम्ही नाही म्हणणार हे मला ठाऊक आहे. तरी विचारते, कारण नाहीतर तुम्ही तुमच्या लाँड्रीच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला 'मला कुणी विचारलंसुद्धा नाही' असं सांगत बसाल. आता विचारलं, आणि लेखी विचारलं.

तुमची भावजय


१६ जानेवारी

वहिनीसाहेब,

पांढरं पान वाचून दाखवलं. निळं मी लाँड्रीत उभ्याउभ्या वाचलं. इस्त्री गरम होईपर्यंत तेवढाच वेळ मिळतो.

शांत किनारे म्हणे. अगं, समुद्रावरून आलेल्या लोकांचे कपडे माझ्याकडेच येतात. मिठाने कडक झालेले टॉवेल, खिशाखिशांत वाळू. ती वाळू मशिनच्या पंपात अडकते आणि मग मी बाह्या सरसावून मोरीत बसते. तुमच्या शांत किनाऱ्याचं जे उरतं ते शेवटी माझ्या गळ्यात येतं.

'मी ठरवलंय' असं लिहिलंस. तू कोण ठरवणार? सकाळी आईला हात धरून न्हाणीघरात कोण नेतं? तिची औषधं कोण बघतं? तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकायला तुझं काय जातं? आणि तिच्या डोळ्यांचं सोयीस्कर विसरलीस. मोतीबिंदू आहे हे मागेच कळवलंय. डॉक्टर ऑपरेशनची तारीख देतील. तोवर तिला वारा, वाळू, ऊन काही नको.

आई म्हणते, 'या वयात मला कशाला हवाय समुद्र? आपलं घर बरं.' हे तिचे शब्द. माझ्या भावाची इतकी इच्छा असेल तर त्याने स्वतः लिहावं. त्याचे काही हात मोडलेले नाहीत.

तुझी नणंद


२५ जानेवारी

ताई,

'या वयात' हे शब्द आईंचे नाहीत. मागच्या खेपेला इथे आल्या होत्या तेव्हा त्याच दुखऱ्या गुडघ्यांनी चिंगीच्या सायकलमागे धावत होत्या, आणि मधे आलेल्या टेम्पोवाल्याला त्यांनी असं काही सुनावलं की तो टेम्पो मागे घेऊन दुसऱ्या गल्लीतून गेला. ती बाई 'आपलं घर बरं' म्हणेल? हे तुमचे शब्द आहेत, तुम्ही ते त्यांच्या तोंडी घातलेत.

खरं-खोटं करायचं कसं, हा प्रश्नच आहे. आईंशी बोलायचं तर फोन तुमचा, तो स्पीकरवर, आणि तुम्ही शेजारी. यांनी मागे विचारलं, 'आई, काय हवंय तुला?' तर तुम्हीच मधून म्हणालात, 'काही नकोय तिला.' गिऱ्हाइकाच्या कपड्यांना चिठ्ठी लावून कपाटात ठेवावं तसं तुम्ही आईंना ठेवलंय.

तुम्हाला संसार नाही, मूलबाळ नाही, म्हणून आईंना एकटीच्या करून घेतलंत. आम्ही मागायला गेलो की तुम्हाला चोर दिसतात. हे लिहिताना मला वाईट वाटत नाहीये. बरेच दिवस लिहायचं होतं.

घराचं मी पक्कं केलंय. होडीवाल्याशीही बोलले. भरती असली की होडी अगदी वाळूपर्यंत येते, म्हणजे आईंना पाण्यातून चालावं लागणार नाही. चिंगीने आजीसाठी मोठ्या काठाची टोपी घेतलीये. तुम्ही येत नसाल तर येऊ नका. आईंना आम्ही येऊन घेऊन जाऊ.

तुमची भावजय


३ फेब्रुवारी

वहिनीसाहेब,

माझा संसार काढलास ते बरं केलंस. आता मलाही तोंड उघडता येईल.

आई तापाने फणफणली होती तेव्हा तू फुलं घेऊन आली होतीस. आठवतं? खुर्चीच्या टोकावर बसलीस, आईच्या उशाशी वाकून फोटो काढून घेतलास आणि संध्याकाळच्या गाडीने गेलीससुद्धा. त्या दिवशी तिच्या चादरी मी किती वेळा बदलल्या ते फोटोत आलं नसेल. खस्ता मी खायच्या आणि टोपी घालून आईला मिरवायचं तू. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

आणि माझा भाऊ. त्याला तू मुठीत ठेवलंयस, तो तोंडातून ब्र काढत नाही. 'यांची इच्छा' म्हणून जे काही येतं त्याला तुझाच वास असतो. मी आईच्या तोंडी शब्द घालते म्हणतेस, तर तू कुठे वेगळं करतेस?

न्यायला आलात तर दुकानाच्या पायरीवरूनच परत जाल. शटर ओढायला मला वेळ लागत नाही.

आई म्हणते, 'तिला सांग, माझी काळजी करू नको.'

तुझी नणंद


१२ फेब्रुवारी

ताई,

ओढा शटर. आम्ही येत नाही.

घर सोडून दिलं. होडीवाल्याला नाही म्हणून कळवलं. चिंगी विचारते, आजी का येत नाही. मी तिला खरं सांगितलं, की आत्या येऊ देत नाही.

आता पुढच्या वर्षी बघू. तोवर आईंचं ऑपरेशन होईल, नवा चष्मा येईल आणि तुमच्याकडे सबब उरणार नाही. समुद्र कुठे पळून जात नाही.

तुमची भावजय


१९ फेब्रुवारी

वहिनीसाहेब,

पुढच्या वर्षी नको. घर सोडलं असशील तर परत घे.

मोतीबिंदू नाही. काचबिंदू आहे. ऑपरेशनची तारीख वगैरे काही यायची नाही. डोळ्याच्या मागची शीर मरत जाते आणि गेलेलं परत येत नाही. थेंब घालून उरलेलं जमेल तितकं टिकवायचं, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं. आईच्या कडा गेल्यात. नळीतून बघावं तसं मधलं तेवढं दिसतं. समोरची वाटी दिसते, शेजारचा पेला दिसत नाही, तो सांडतो. मग ती म्हणते, हात थरथरतो हल्ली. पुढच्या वर्षी एवढंही राहील असं डॉक्टर म्हणत नाहीत.

तिला हे ठाऊक नाही. तिला मी मोतीबिंदूच सांगितलंय. रोज विचारते, तारीख मिळाली का. मी म्हणते, गर्दी आहे.

तुम्हाला सांगितलं नाही, कारण सांगून काय होणार होतं? भावाने रडायचं, तू मला बोल लावायचास, आणि थेंब पुन्हा मीच घालायचे.

आणि ती समुद्राला नाही म्हणालेली नाही. तुझं पहिलं पांढरं पान वाचलं तेव्हा तिने विचारलं, 'होडीत कडेला बसायला मिळेल का?' मी ऐकलं न ऐकलं केलं आणि पुढे वाचत राहिले. बाहेर नेलं की ती अडखळणार, कुठेतरी आपटणार, तुम्ही प्रश्न विचारणार आणि तिला कळणार. ते मला नको होतं, अजूनही नकोय.

राग आला असेल तर मला शिव्या घाल, मला तुझ्या शिव्यांची सवय आहे. पण तिच्यासमोर एक शब्द निघता कामा नये. घर परत घे.

तुझी नणंद


२५ फेब्रुवारी

ताई,

हातात येईल त्या कागदावर लिहितेय. मी कामाला आहे त्या क्लिनिकमध्ये बाहेर पेशंट बसलेत, बसू देत.

आई आंधळ्या होत चालल्यात आणि तुम्ही त्यांना तारखेची वाट बघायला लावलंय. कुठल्या तोंडाने रोज 'गर्दी आहे' म्हणता? काचबिंदू म्हणजे काय हे तुम्हाला कळलं, डॉक्टरांना कळलं, औषधाच्या दुकानदाराला कळलं असेल. ज्यांची नजर जाणार आहे त्यांना मात्र ठाऊक नाही. पुढच्या वर्षी दिसेल की नाही याचा भरवसा नाही, आणि त्या माऊलीला वाटतंय की चष्मा येणार आहे.

उरलेल्या नजरेने काय बघायचं, कुणाला बघायचं, हे त्यांनी ठरवायचं की तुम्ही? त्यांना ठाऊक असतं तर त्या काल कुठेतरी जाऊन आल्या असत्या, आज आणखी कुठेतरी. तुम्ही त्यांना खिडकीशी बसवून धुतलेल्या चादरी दाखवल्यात. प्रेम आहे म्हणे. असलं प्रेम माझ्या वैऱ्यालाही नको.

ते घर गेलं, दुसऱ्यांनी घेतलं. बेटाच्या पार टोकाला, राखणदाराच्या दोन खोल्या मिळाल्यात, एप्रिलच्या सुरुवातीला. त्यानंतर वारा वाढतो आणि होड्या कमी होतात. आता मी तुम्हाला विचारत नाही. आम्ही आईंना न्यायला येतोय.

आईंसाठी वेगळं पान आज माझ्याने लिहवत नाही.

तुमची भावजय


४ मार्च

वहिनीसाहेब,

तू पांढऱ्या कागदावर लिहिलंस.

मी एका गिऱ्हाइकाकडे पडदे पोचवायला गेले होते. पोस्टमन पाकीट दुकानात टाकून गेला. आईला वरून त्याचा आवाज ओळखू येतो. तिने आमच्या इस्त्रीवाल्याला हाक मारली आणि म्हणाली, माझं पान वाच. त्या म्हाताऱ्याला आपली पद्धत ठाऊक आहे, पांढरं आईचं, निळं माझं, निळ्याला त्याने कधी हात लावला नाही. या वेळी पाकिटात निळं नव्हतंच. तो जिन्यात उभा राहून मोठ्याने वाचत गेला. 'आंधळ्या' या शब्दापाशी अडला, तर आई म्हणाली, वाच, अर्धं सोडू नकोस. त्याने शेवटपर्यंत वाचलं. मी आले तेव्हा तो इस्त्री बंद करून पायरीवर बसला होता. माझ्याकडे बघेना.

मी वर गेले. आई खिडकीशी होती. तोंड न वळवता म्हणाली, 'मोतीबिंदूची तारीख मिळाली का गं?'

तू मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही. मुद्दाम करायला डोकं लागतं. पण जे मी इतके दिवस तिच्यापासून लांब ठेवलं ते तू एका कागदात तिच्या अंगावर टाकलंस, आणि तेही परक्या माणसाच्या तोंडून. हे मी विसरणार नाही.

आता ती माझ्याशी बोलत नाही. थेंब घालताना डोळे उघडते आणि झाले की मिटते. काही हवं असलं तर इस्त्रीवाल्याला सांगते. काल त्याच्याकरवी तिने निरोप दिला, तो जसाच्या तसा: 'सुनेला लिही, मला घेऊन जा म्हणावं. थोरली नको.'

थोरली म्हणजे मी. मला लागलं. फार लागलं. तुला आनंद व्हायला हवा, म्हणून लिहिते.

थेंबांचं नीट वाच. दोन बाटल्या आहेत. एक घातली की लगेच दुसरी घालायची नाही, थोडं थांबायचं, नाहीतर पहिलं औषध वाहून जातं. थेंब घातला की डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटाने दाबून धरायचा. हिरव्या झाकणाची बाटली थंड ठेवायची, त्या खोल्यांमध्ये फ्रीज नसेल तर बर्फाची सोय कर. तिला चालवताना डावीकडून धर, त्या बाजूचं तिला काहीच कळत नाही. आणि जेवायला बसली की पेला वाटीच्या मागे ठेव, शेजारी नको.

तुझी नणंद


११ मार्च

ताई,

आनंद झाला नाही. होईल असं मलाही वाटलं होतं.

कागदाची चूक माझी. पण आईंना कळलं याचं मला दुःख नाही आणि त्याबद्दल मी माफी मागणार नाही. कळायलाच हवं होतं.

यांना सांगितलं. नळ सोडून बराच वेळ मोरीत होते. आता तुम्ही म्हणालात ते एक मान्य करून टाकते. यांची कसलीच इच्छा नव्हती. 'तुम्हा दोघींच्या मधे होडीत बसण्यापेक्षा लिफ्टचा खड्डा परवडला' असं म्हणाले होते. सहल माझी एकटीची हौस. लग्न झाल्यापासून आई मला 'ती' म्हणतात. ती आली का, तिला सांग, तिचं ताट वाढ. कुठेतरी लांब जावं, तिथे तुम्ही नसाव्यात, दुकान नसावं, आणि आईंनी एकदा माझ्याकडे धड बघावं, एवढ्यासाठी सगळा खटाटोप होता. हसा आता.

बर्फाची सोय केली आहे. पेल्याचं लक्षात ठेवीन. न्यायला येऊ तेव्हा शटर उघडं ठेवा.

तुमची भावजय


४ एप्रिल

ताई,

आई सांगतायत तसं लिहितेय, त्यात माझा एक शब्द नाही. मला हे पत्र लिहायचं नव्हतं. पण यांना लिहायला बसवलं तर डोळे भरून येतात आणि अक्षर बिघडतं, म्हणून आईंनी माझ्या हातात पेन दिलं.

थोरले,

पोचलो. होडीत मला मधे बसवलं होतं, मी कडेला सरकले. तुझ्या भावाने माझा दंड घट्ट धरून ठेवला, जशी काही मी उडी मारणार होते. तोंडावर पाणी उडालं. खारट असतं हे ऐकलं होतं, पण इतकं खारट असेल असं वाटलं नव्हतं.

समुद्र बघितला. मोठा आहे. मला मधला तेवढाच दिसतो. हिला विचारलं, बाजूला कुठे संपतो गं? तर म्हणाली, आई, मलाही नाही दिसत. म्हटलं, बरं झालं, इथे आपण सगळ्या सारख्याच.

किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. खेकडे आहेत. चिंगी मला दाखवायला जाते आणि तेवढ्यात ते बिळात पळतात, मग ती माझ्यावरच चिडते. तिला मी सकाळी समोर बसवून बघते. तिचे पुढचे दात मोठे आलेत, कान तुझ्या वडिलांचे घेतलेत. तुझ्या भावाचे केस पांढरे झालेत, मला कुणी सांगितलं नव्हतं.

हिलाही बघितलं. इतकी वर्षं ही माझ्यासमोर पाहुण्यासारखी दारात उभी, मग कशी दिसणार? काल उन्हात बसवली आणि नीट बघितली. नाक बरं आहे. हनुवटीवर तीळ आहे, तो मला ठाऊकच नव्हता. हे लिही म्हटलं तर लिहीत नव्हती. मी म्हटलं, सांगते ते लिही. थेंब बरे घालते, पण हात गार असतो.

आता तुझं. तू मला मूर्ख केलंस. मी रोज तारीख विचारत होते आणि तू रोज माझ्या तोंडावर खोटं बोलत होतीस. मी पेले सांडत होते, तू पुसत होतीस, आणि दोघी काही झालं नाही असं दाखवत होतो. माझे डोळे जाणार हे मला परक्या माणसाने जिन्यात उभं राहून सांगितलं. ज्या पोरीसाठी मी जगाशी भांडले तिने मला सांगितलं नाही. याचा राग आहे. तो इतक्यात जायचा नाही आणि तू घालवायलाही जाऊ नकोस.

पण त्या रागापायी मी तुला मागे ठेवलं असं तू धरून बसली असशील. तुझी खोड मला माहीत आहे, जेवली नसशील धड. तसं नाही. नजर कुठवर पुरेल हे कुणी सांगत नाही, म्हणून जे बघायचं राहिलंय ते आधी बघून घ्यावं म्हटलं. समुद्र राहिला होता. चिंगी दर वेळी वेगळी दिसते, ती राहिली होती. ही तर पूर्णच राहिली होती. तू राहिली नव्हतीस. तुझं तोंड मला पाठ आहे. सगळा अंधार झाला तरी ते कुठे जायचं नाही. तू इथे असतीस तर मी सवयीने तुझ्याकडेच बघत बसले असते आणि बाकीचं सगळं तसंच राहिलं असतं.

पुढच्या शनिवारी परत येतोय, संध्याकाळच्या बसने. स्टँडवर ये. बस लागली की माणसांची झुंबड उडते, त्यातच उभी राहा. हाक मारू नकोस. हात धरायला पुढे येऊ नकोस. या सगळ्यांनाही मी बजावून ठेवलंय, कुणी बोट दाखवायचं नाही. तुला माझी मी शोधणार आहे.

आई